गवतावरील फेस आणि त्यांतील कीटक

मृगाचा पाऊस पडून शेतें हिरवीं झालीं, म्हणजे धुऱ्यावरील गवताच्या काड्यांवर आणि ज्वारीसारख्या धान्यांच्या पानांच्या बगलांत कधीं कधीं पांढऱ्या फेसाचे लहान लहान गोळे दिसूं लागतात. जातां जातां कोणी तरी थुंकून गेलें असावें, असेंच प्रथमदर्शनीं वाटतें. ह्या फेसाला गंध नाहीं, तो चिकट नाहीं आणि दुपारच्या उन्हांतहि तो चटकन वाळत नाहीं. बोटानें तो हलकेच बाजूला सारला, तर आंत फिकट हिरवा अथवा पिवळसर, मऊ अंगाचा, डोकें खालीं करून बसलेला एक चिमुकला जीव आढळतो. फेस हें त्याचें घर आणि हें घर त्यानें स्वतःच बांधलेलें असतें.

पैनगंगा, कयाधू आणि पूर्णा ह्या नद्यांचा हिंगोली जिल्हा इ. स. १९९९ मध्यें परभणी जिल्ह्यांतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगांव ह्या त्याच्या पांच तालुक्यांत सोयाबीन, कपाशी, तूर, ज्वारी, हळद आणि ऊस हीं मुख्य पिकें. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी हीं नांवें तेथील शेतकऱ्याच्या तोंडीं रोजचीं आहेत, कारण त्यांच्याशीं त्याचा रोजचा झगडा आहे. फेसांतल्या किड्याला मात्र असें रुळलेलें नांव नाहीं. त्यामुळें तो दृष्टीस पडला कीं दोन प्रश्न उभे राहतात. हा रोग आहे कीं कीड? आणि कीड असल्यास ती नेमकी कोणती? पहिल्या प्रश्नाचें उत्तर फेस बाजूला करतांच मिळतें. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर शोधण्यांत प्राणिशास्त्रज्ञांचीं अडीचशेंहून अधिक वर्षें गेलीं आहेत आणि तें काम अजून चालूच आहे.

युरोपांत ह्या फेसाला कोकिळेची थुंकी म्हणण्याची जुनी चाल आहे. सातव्या शतकाच्या आरंभीं सेव्हिलचा बिशप इसिडोर ह्यानें आपल्या ज्ञानकोशांत कोकिळेच्या थुंकींतून रातकिड्यांसारखे गाणारे कीटक उत्पन्न होतात, असें लिहून ठेवलें. कल्पना चुकीची खरी. परंतु फेस आणि कीटक ह्यांचा कांहीं तरी संबंध आहे, एवढें त्या काळच्या लोकांच्या ध्यानांत आलें होतें, हें तीवरून दिसतें.

हा फेस तयार होतो कसा, तें पाहण्यासारखें आहे. वनस्पतीच्या देहांत दोन प्रकारच्या नळ्या असतात. एका प्रकारच्या नळ्यांतून पानांत तयार झालेला साखरेचा रस खालीं उतरतो. दुसऱ्या प्रकारच्या नळ्यांतून मुळांनीं शोषलेलें पाणी वर चढतें. मावा पहिल्या नळीला तोंड लावतो. तिच्यांत साखर भरपूर असल्यामुळें नको असलेली साखर तो बाहेर टाकतो. शेतकरी ज्याला चिकटा म्हणतो आणि ज्याच्यावर पुढें काळी बुरशी चढते, तो हाच पदार्थ. फेसांतला किडा मात्र दुसऱ्या नळीचें पाणी पितो. ह्या पाण्यांत पोषक द्रव्य अगदीं अल्प. शंभरांत नव्व्याण्णव भाग निव्वळ पाणीच. शिवाय तें नळींत ताणलेल्या अवस्थेंत असतें, त्यामुळें आपण होऊन बाहेर येत नाहीं, ओढून घ्यावें लागतें. ह्यासाठीं ह्या कीटकाच्या डोक्यांत एक बळकट पंप असतो. त्याचे स्नायू एवढे मोठे असतात कीं, त्यांच्यामुळें कीटकाचा चेहरा फुगीर होतो आणि त्यावर आडव्या वळ्या उमटतात. पोट भरण्यासाठीं त्याला दिवसाकाठीं आपल्या वजनाच्या शेंकडोंपट पाणी प्यावें लागतें आणि तितकेंच बाहेर टाकावें लागतें.

एवढ्या पाण्याचें करावयाचें काय, ह्या अडचणींतूनच फेसाचा जन्म झाला आहे. पिल्लाच्या पोटाच्या दोन्ही कडा खालीं वळून त्यांचा एक पन्हळ बनतो. शेपटीचें टोंक फेसाबाहेर काढून पिल्लू त्या पन्हळांत हवा घेतें आणि उत्सर्जित पाण्यांत ती दाबून सोडतें. त्या पाण्यांत शरीरांतील नलिकांतून पाझरलेलीं प्रथिनादि द्रव्यें मिसळलेलीं असल्यामुळें बुडबुडे फुटत नाहींत. अशा रीतीनें थोड्याच अवधींत पिल्लू फेसांत बुडून जातें. हा फेस त्याला उन्हापासून आणि वाळून जाण्यापासून वांचवितो आणि मुंग्या, कोळी इत्यादि शत्रूंपासून लपवितो. पांच वेळां कात टाकून पंख फुटले, कीं तें फेस सोडून बाहेर पडतें. त्यानंतर फेसाची गरज उरत नाहीं. कारण प्रौढ कीटकाचें संरक्षण त्याच्या उडींत असतें. केंब्रिजचे प्राणिशास्त्रज्ञ माल्कम बरोज ह्यांनीं इ. स. २००३ मध्यें मोजून दाखविलें कीं, अवघ्या सहा मिलिमीटर लांबीचा असा एक कीटक सत्तर सेंटिमीटर उंच उडतो. म्हणजे आपल्या लांबीच्या शंभरपटींहून अधिक!

येथपर्यंतची हकीगत सर्व फेसकीटकांना सारखीच लागू आहे. जगांत ह्या गटाच्या सुमारें तीन हजार जाती माहीत आहेत, आणि खरी कठिणाई येथूनच सुरू होते.

पहिली पायरी म्हणजे फेसकीटक आणि तुडतुडा ह्यांतील भेद. दोघेहि उडी मारतात, दोघांचे पंख पाठीवर छपरासारखे मिटलेले असतात आणि दोघेहि वनस्पतीचा रस पितात. उघड्या डोळ्यांनीं त्यांची गल्लत होते, यांत नवल नाहीं. पण साध्या भिंगाखालीं मागला पाय धरला कीं निवाडा होतो. तुडतुड्याच्या मागल्या नडगीवर बारीक कांट्यांच्या लांबच लांब रांगा असतात, जणूं कंगवाच. फेसकीटकाच्या नडगीवर मात्र एक किंवा दोनच जाड कांटे असतात आणि टोंकाशीं आंखूड कांट्यांचें एक कडें असतें. ही खूण जाति, रंग किंवा आकार ह्यांवर अवलंबून नाहीं. म्हणून ती विश्वासाची.

दुसरी पायरी कुलांची. पिल्लूं फेसांत राहतें, त्या कीटकांत दोन मोठीं कुलें आहेत. एकाचे कीटक बहुधा मातकट, गवती अथवा तपकिरी रंगाचे. त्यांच्या छातीच्या पहिल्या ढालीची पुढची कड कमानीसारखी वळलेली आणि डोळे लांबीनें अधिक असतात. दुसऱ्याचे कीटक पुष्कळदां भडक, काळ्यावर लाल वा नारिंगी पट्टे असलेले. त्यांच्या ढालीची पुढची कड जवळजवळ सरळ आणि डोळे लांबीरुंदीनें सारखे. पूर्व भारत, ब्रह्मदेश आणि त्यापलीकडील दमट अरण्यांतील कॉस्मोस्कार्टा ह्या गणाचे ठसठशीत लाल-काळे कीटक ह्या दुसऱ्या कुलांतले. ह्याखेरीज आशिया, आफ्रिका व ऑस्ट्रेलिया ह्या खंडांच्या उष्ण भागांत एक तिसरें विलक्षण कुल आहे. त्याचीं पिल्लें उघड्या फेसाऐवजीं झाडाच्या डहाळीवर चुनखडीसारखी टणक नळी बांधतात आणि तींतील पाण्यांत बुडून राहतात. मॅकेरोटा हा त्यांतील प्रसिद्ध गण. त्याच्या प्रौढ कीटकाच्या पाठीवर तलवारीसारखा मागें वळलेला कांटा असतो.

दख्खनच्या कोरड्या, गवताळ आणि शेतीच्या मुलखांत शोध घ्यावयाचा तो मुख्यतः पहिल्या, मातकट कुलाचा. पूफिलस कॉस्टॅलिस ही त्या कुलाची एक जाति आफ्रिकेपासून दक्षिण आशियापर्यंत पसरलेली असून ती गवत, ज्वारी व ऊस ह्यांवर राहते. तिचा रंग वाळल्या गवतासारखा पिवळसर तपकिरी. त्याच कुलांतील क्लोव्हिया हा दुसरा गण आशियांत विपुल आहे. त्याचें डोकें चपटें व पुढें निमुळतें असतें आणि डोकें व छातीची ढाल ह्यांवरून फिकट व गडद उभ्या रेषा गेलेल्या असतात. पूफिलस आणि क्लोव्हिया हे गण एकमेकांपासून ओळखणें अभ्यासूला कठीण नाहीं. परंतु क्लोव्हियाच्या एका जातीपासून दुसरी वेगळी करावयाची, म्हणजे रेषा किती, त्या कोठें तुटतात, पंखावरील ठिपका कोठें आहे, असे प्रश्न येतात. आणि रंगाचें प्रामाण्य किती मानावें, हा वादाचा मुद्दा तेथेंच उपस्थित होतो.

भारतांतील ह्या कीटकांचें पहिलें पद्धतशीर वर्णन विल्यम लुकस डिस्टंट ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें केलें. त्याचा ग्रंथ इ. स. १९०२ ते १९१८ ह्या काळांत सात खंडांत प्रसिद्ध झाला. त्या परिश्रमाचें मोल मोठें आहे. आजहि अभ्यासाची सुरुवात तेथूनच करावी लागते. मात्र तें काम टांचणीला लावलेल्या वाळक्या नमुन्यांवर झालें आणि त्यांत बाह्य रूप व रंग ह्यांवर भिस्त होती. वाळल्यावर रंग फिकटतो आणि जिवंतपणींहि तो एकाच जातींत बदलूं शकतो, ही त्या पद्धतीची उणीव.

रंग किती फसवा असूं शकतो, ह्याचा सर्वांत बोलका दाखला युरोप, उत्तर आफ्रिका आणि आशियाचा समशीतोष्ण भाग येथें सर्वत्र आढळणाऱ्या फिलेनस स्प्युमेरियस ह्या जातीचा आहे. लिनिअसनें इ. स. १७५८ मध्यें तिला नांव दिलें. पण तिच्या वेगवेगळ्या रंगांच्या नमुन्यांना त्याच ग्रंथांत त्यानें वेगळ्या जाति समजून निराळीं नांवेंहि दिलीं. एक सबंध पिवळसर, एक पट्टेदार, एक काळी पण पांढऱ्या डोक्याची, एक कडेला पांढरी रेघ असलेली. हे सर्व एकाच जातीचे कीटक! एकाच मादीच्या संततींत ते निरनिराळ्या रंगांचे निघूं शकतात, कारण हा रंगभेद आनुवंशिक आहे. ज्यानें सृष्टीला नांवें देण्याची रीत घालून दिली, त्या महापंडितालाहि रंगानें असें चकविलें.

ह्याच्या उलट प्रकारहि त्याच गणांत आहे. भूमध्य समुद्राच्या भोंवतीं आणि पश्चिम आशियांत फिलेनसच्या इतर कांहीं जाति राहतात. त्यांतील कांहीं बाहेरून स्प्युमेरियससारख्याच दिसतात. लेबाननच्या डोंगरांतील एका जातीचें वेगळेपण तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ध्यानांत आलें. ह्या जाति ओळखावयाच्या तर नराच्या जननेंद्रियाच्या टोंकाशीं असलेले सूक्ष्म शिंगांसारखे फांटे तपासावे लागतात. ते किती, कोणत्या दिशेला वळलेले आणि किती लांब, हें सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें कीं जाति निश्चित होते. ह्या खुणेवर भर देण्यास कारण आहे. दोन जातींचा संकर होतो कीं नाहीं, ह्याशीं ह्या अवयवाचा सरळ संबंध असतो. रंगाचा तसा नसतो. कांहीं जातींना त्यांचें अन्नहि वेगळें पाडतें. स्प्युमेरियसचीं पिल्लें शेंकडों वनस्पतींवर वाढतात. तर तिच्या कांहीं भावंडांचीं पिल्लें अस्फोडेल ह्या एकाच प्रकारच्या कंदवर्गीय वनस्पतीवर वाढतात. म्हणून चांगला संग्राहक कीटकाबरोबर झाडाचें नांवहि टिपून ठेवतो.

तिसरा चकवा नर-मादींचा. ईशान्य भारत, ब्रह्मदेश आणि चीन येथें भातावर पडणारी कॅलिटेटिक्स व्हर्सिकलर ही जाति भडक कुलांतली. काळ्या पंखांवर मुळाशीं पांढरे डाग आणि टोंकाकडे लाल खूण. ही लाल खूण एका लिंगांत अखंड असते, तर दुसऱ्यांत तिचे दोन वेगळे ठिपके होतात. दोन्ही नमुने वेगवेगळ्या ठिकाणीं मिळाले, तर अनभ्यस्त माणूस त्यांच्या दोन जाति कल्पील. हिचीं पिल्लें जमिनीलगत मुळांपाशीं फेसांत राहतात आणि प्रौढ कीटक वर येऊन पानें शोषतात. पानांवर पिवळसर पांढऱ्या रेघा पडतात. पिल्लूं एकीकडे, नुकसान दुसरीकडे! ओळख पटल्यावांचून ह्या दोहोंचा संबंध जुळणार नाहीं.

अलीकडे ह्या जुन्या साधनांना दोन नवीं साधनें मिळालीं आहेत. ह्या कीटकांचे नर आणि माद्या काडींतून सूक्ष्म कंपनें पाठवून एकमेकांना साद घालतात. तीं माणसाच्या कानाला ऐकूं येत नाहींत, पण यंत्रानें टिपतां येतात, आणि प्रत्येक जातीची साद निराळी असते. दुसरें साधन पेशींतील आनुवंशिक द्रव्याच्या एका ठराविक तुकड्याच्या वाचनाचें. इ. स. २००३ पासून ही पद्धति प्रचारांत आली. तिचा मोठा उपयोग असा कीं, ज्याला जननेंद्रियें पूर्ण तयार झालेलीं नाहींत अशा फेसांतल्या पिल्लाचीहि जाति तिनें सांगतां येते. एरवीं पिल्लावरून जाति ठरविणें धोक्याचें असतें. त्याला त्याच झाडावर मलमलीच्या पिशवींत वाढवून पंख फुटेपर्यंत थांबणें हाच मार्ग उरतो.

एवढा खटाटोप कशासाठीं, असा प्रश्न शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत साहजिकच निघेल. त्याचें उत्तर हिंगोलीच्या कपाशींतच सांपडतें. कपाशीवरील हिरवट तुडतुड्याला डिस्टंटनें इ. स. १९१८ मध्यें एक नांव दिलें. परंतु इशिदा ह्या जपानी शास्त्रज्ञानें फोर्मोसा बेटांतील त्याच कीटकाचें वर्णन इ. स. १९१३ मध्येंच केलें होतें. दोन्ही एकच, हें पुढें ठरलें. आणि मग आशियाच्या एका भागांतील निरीक्षणें दुसऱ्या भागाला उपयोगी पडूं लागलीं. पंखांच्या मागल्या भागावर एक एक काळा ठिपका, डोक्यावर दोन ठिपके आणि तिरकें चालणें, ही त्याची ओळख. हा तुडतुडा पानाच्या खालच्या बाजूनें रस शोषतो, पानाच्या कडा पिवळ्या, मग लालसर होऊन वळतात आणि झाड खुरटतें. दर पानामागें दोन ते तीन तुडतुडे आढळले तर उपाय योजावा, अशी शिफारस आहे. आंब्यावरील तुडतुड्यांच्याहि तीन प्रमुख जाति आहेत. एक सर्वांत मोठी व ढालीवर दोन ठिपक्यांची. दुसरी ढालीवर तीन ठिपक्यांची. तिसरी सर्वांत लहान, ढालीवर दोन ठिपके आणि डोक्याच्या माथ्यावरहि काळे डाग असलेली. ज्यांना हीं नांवें व खुणा ठाऊक आहेत, ते मोजणी करूं शकतात. ज्यांना नाहींत, ते केवळ अंदाजानें औषध मारतात.

अंदाजाचें हें औषध म्हणजे विष होय आणि तें फुकट जात नाहीं. इ. स. २०१७ च्या खरिपांत शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन सुमारें वीस शेतकरी व शेतमजूर मृत्यु पावले. त्या दुर्घटनेचीं कारणें अनेक होतीं आणि फेसकीटकाचा तिच्याशीं संबंध नव्हता. परंतु गरज नसतांना उचललेला फवारणीचा पंप किती महाग पडूं शकतो, हें तिनें दाखविलें. धुऱ्यावरील चार काड्यांवर फेस दिसला म्हणून शेत फवारणें, हा असाच अनावश्यक प्रकार आहे. फेसांत विष पोंचत नाहीं. मरतात ते उघड्यावर फिरणारे कोळी, ढालकिडे आणि मधमाशा. पिकाला जाणवण्याइतकें नुकसान हा कीटक ह्या मुलखांत सहसा करीत नाहीं. काडी पाण्यानें धुतली, तरी त्याचें घर मोडतें.

मात्र ‘निरुपद्रवी’ हा शिक्का सर्व जातींना सरसकट लावणेंहि बरोबर नाहीं. दक्षिण अमेरिकेंत ह्याच गटाच्या कांहीं जाति कुरणें आणि उंसाचे मळे पिवळे पाडतात. युरोपांत तर दोनशें वर्षें केवळ कौतुकाचा विषय असलेल्या फिलेनस स्प्युमेरियसनें एकाएकीं वेगळें रूप धारण केलें. इटलीच्या दक्षिण टोंकाला, आपुलिया प्रांतांत, इ. स. २०१३ मध्यें झायलेला नांवाच्या जंतूचा शोध लागला. हा जंतु झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत वाढून त्या तुंबवितो. नळींतील पाणी पिणारा कीटकच त्याला एका झाडावरून दुसऱ्यावर नेऊं शकतो. आणि तो वाहक स्प्युमेरियस ठरला. शेंकडों वर्षांचे जैतुनाचे वृक्ष लक्षावधींच्या संख्येनें वाळून गेले. तेथील शास्त्रज्ञांच्या हातांत एकच गोष्ट आधीपासून तयार होती. ती म्हणजे कोणती फिलेनस कोठें राहते, कोणत्या गवतावर वाढते आणि शेजारच्या जातींपासून कशी ओळखावयाची, ह्याचीं पिढ्यान् पिढ्या जमविलेलीं टिपणें. त्यांच्या आधारें पिल्लें फेसांत असतांनाच झाडांखालचें गवत काढून टाकण्याचा साधा उपाय त्यांना सुचवितां आला.

अशीं टिपणें संकटाच्या दिवशीं तयार करतां येत नाहींत. तीं आधींच असावीं लागतात. त्यासाठीं मोठी प्रयोगशाळा प्रत्येक ठिकाणीं हवी असें नाहीं. भारतीय प्राणि सर्वेक्षण संस्था इ. स. १९१६ पासून ह्या कामाला वाहिलेली आहे. परभणीचें कृषि विद्यापीठ इ. स. १९७२ पासून मराठवाड्याच्या पिकांचा अभ्यास करीत आहे. परंतु हिंगोलीच्या धुऱ्यावर श्रावणांत कोणत्या गवतावर फेस आला, हें पाहणारा डोळा तेथेंच राहणाऱ्याचा असतो. शाळेंतील मुलगा, गांवचा शिक्षक, सुटींत गांवीं गेलेला विद्यार्थी ह्यांपैकीं कोणीहि फेस कोणत्या वनस्पतीवर आहे, तारीख काय, पिल्लाला पंख फुटल्यावर त्याचा रंग कसा झाला, मागल्या नडगीवर कांटे किती, हीं चार टिपणें लिहून नमुन्यासह तज्ज्ञांकडे पाठवूं शकतो. जातीचा अखेरचा निर्णय सूक्ष्मदर्शकाखालीं होईल. पण त्या निर्णयाचा पहिला धागा धुऱ्यावरच हातीं लागतो. तुडतुडा म्हणून ज्याच्यावर विष पडावयाचें, तो तुडतुडा नव्हे, एवढें जरी भिंगानें वेळीं सांगितलें, तरी एक फवारणी वांचते.